कायम संग्रहातील 'निवडक' कशाला म्हणावे? – औंधच्या श्री भवानी संग्रहालयाच्या निमित्ताने

डोंगरवाट

सातारा जिल्ह्यातल्या औंधला पायऱ्यांची वाट धरून यमाईदेवीच्या डोंगरावर निघाले की मध्येच श्री भवानी संग्रहालय लागते. देवदर्शनाला निघालेली मंडळी तिथे दम खायला थांबतात आणि थांबलोच आहोत तर आत एक फेरी मारू, अशा बेताने आत शिरतात. हे आधीच सांगण्याचे कारण असे की, या संग्रहालयाचा प्रेक्षक बहुधा चित्रे पाहायची म्हणून घरातून निघालेला नसतो. त्याच्यापाशी अर्धा-पाऊण तास असतो, हातात ओटीच्या सामानाची पिशवी असते, बरोबर एखादे कंटाळलेले पोर असते. आणि तरीही दोन-तीन कलाकृतींपुढे त्याचे पाय आपसूक थांबतात. त्या कलाकृती कोणत्या असाव्यात, हे कोणी ठरवायचे आणि कशाच्या आधारावर, हा या धाग्याचा विषय आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी १९३८ साली हे संग्रहालय उभे केले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'चित्र रामायणा'तली चित्रे त्यांच्याच हातची आहेत. ते कीर्तन करीत, सूर्यनमस्कारांचा प्रचार करीत, आणि १९३५च्या इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तिच्या मुळाशीही त्यांचाच आग्रह होता: महाभारत सचित्र निघावे म्हणून त्यांनी १९१८ साली एक लाख रुपये देऊ केले. संस्थान मात्र लहान होते आणि तेही सलग नव्हते. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. त्यामुळे या संग्रहावर एका माणसाच्या आवडीनिवडीचा जेवढा ठसा आहे तेवढा मोठ्या शहरांतल्या सरकारी संग्रहांवर क्वचितच आढळेल. संस्थान १९४८ साली विलीन झाले. संग्रह जागच्या जागी राहिला, आणि आज तो राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे.

आत राजा रविवर्मा, म. वि. धुरंधर, बाबूराव पेंटर आणि माधव सातवळेकर यांची चित्रे आहेत, चंदनातले आणि हस्तिदंतातले कोरीव काम आहे, युरोपीय कलाकृतींच्या प्रतिकृती आहेत, आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे 'माता आणि बालक' हे पाषाणशिल्प आहे. पुण्या-मुंबईहून येणारे रसिक दारातच विचारतात, "मूर कुठे आहे?" तो पाहून झाला की ते रविवर्म्याकडे वळतात आणि मग गाडीकडे. ही माझी तक्रार नाही, मीही पहिल्या भेटीत नेमके हेच केले होते. मात्र तिसऱ्या-चौथ्या भेटीत माझ्या लक्षात आले की, मी औंधला जाऊन जे पाहत होतो ते लंडनलाही पाहता आले असते, आणि जे फक्त औंधलाच पाहता येईल त्याच्याकडे मी पाठ फिरवून उभा होतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. प्रादेशिक कलासंग्रहालयाने आपल्या कायम संग्रहातून 'निवडक' म्हणून काही मांडायचे ठरवले, तर 'ही वस्तू इथेच का आहे?' या प्रश्नाला जिच्यापाशी सर्वांत चांगले उत्तर आहे ती वस्तू आधी निवडावी, आणि कर्त्याच्या नावाचा विचार त्यानंतर करावा. माधव सातवळेकरांचे उदाहरण घ्या. त्यांचे वडील श्रीपाद दामोदर सातवळेकर हे वेदांचे मोठे अभ्यासक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. पण ते मूळचे जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार होते, आणि औंधला राहूनच त्यांनी स्वाध्याय मंडळाचे काम अनेक वर्षे चालवले. मुलगा चित्रकार झाला आणि पुढे महाराष्ट्राचा कला संचालक झाला. हा धागा ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी औंधच्या भिंतीवरचे माधव सातवळेकरांचे चित्र निराळे होते. ज्याला माहीत नाही त्याला ते अनेक चित्रांतले आणखी एक चित्र वाटते आणि तो पुढे जातो. यात दोष पाहणाऱ्याचा नाही.

धुरंधरांविषयीही तेच म्हणता येईल. प्रसंगचित्र काढावे ते धुरंधरांनी. गर्दीतल्या प्रत्येक माणसाला स्वतःचे काम असते: एकजण घोड्याचा लगाम ओढत असतो, दुसरा वाकून काहीतरी उचलत असतो, आणि मागच्या रांगेतल्या बाईचा पदर तिच्या खांद्यावरून घसरता घसरता राहिलेला असतो. बाळासाहेबांसारख्या कीर्तनकाराला ही चित्रे का आवडली असतील याचा उलगडा मला फार उशिरा झाला. आख्यान रंगवणाऱ्या माणसाला चित्रातही आख्यानच हवे असते.

तुम्ही पाहिलेल्या संग्रहालयांच्या आधारे तुमची मते मांडावीत. चर्चा औंधपुरतीच राहावी असे नाही, पण मुद्दा निवडीचाच राहू द्यावा, ही विनंती.

तैलरंग

लेख आवडला, पण मूर यांच्यावर आपण थोडा अन्याय केला आहे असे वाटते. 'हे इथेच का?' हा आपलाच निकष त्या शिल्पाला लावून पाहा. मूर (१८९८–१९८६) यांनी तरुणपणी मातीचा नमुना करून तो कारागिराकडून दगडात उतरवून घेण्याची रूढ पद्धत टाळली आणि स्वतः छिन्नी घेऊन थेट दगड कोरायला सुरुवात केली. दगडाचे दगडपण लपवायचे नाही, त्याला मांसासारखे मऊ भासवायचे नाही, हा त्यांचा आग्रह होता, आणि तो त्यांनी ब्रिटिश म्युझियममधली मेक्सिकोची व इतर प्राचीन शिल्पे पाहून कमावला होता. थोडक्यात, युरोपातल्या गुळगुळीत संगमरवराचा कंटाळा आलेला एक माणूस पाथरवटांच्या वाटेवर आला होता. त्याचे शिल्प काळ्या दगडाच्या मंदिरांच्या मुलखात, तेही देवीच्या डोंगरावर येऊन बसावे, यात मला विसंगती दिसत नाही. यमाईचे नाव 'ये माई' या हाकेवरून पडले अशी आख्यायिका आपल्याकडे सांगतात. त्या वाटेवर 'माता आणि बालक' असावे, याहून चांगले उत्तर कोणत्या वस्तूपाशी असणार?

तेव्हा मूर पहिल्या क्रमांकावर राहू द्यावा. मात्र 'जगप्रसिद्ध शिल्पकाराची कलाकृती' म्हणून तो न दाखवता, आजूबाजूच्या दगडकामाच्या सोबतीने दाखवावा.

अजब बंगला

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचे आहे आणि लोक त्याला आजही 'अजब बंगला' म्हणतात. माझे टोपणनाव तिथूनच घेतलेले आहे. लोक संग्रहालयाकडे कोणत्या नजरेने पाहत आले ते या नावात आहे. अजब काय ते दाखवा, बाकीचे राहू द्या. निवडकांची यादी दहाच्या वर गेली की ती यादी उरत नाही, हा माझा अनुभव आहे. अर्ध्या तासात माणूस सात-आठ वस्तूंपुढेच खऱ्या अर्थाने उभा राहतो. बाकीच्या वस्तूंवरून त्याची नजर फक्त सरकते.

कागदकाम

मी कलाकृतींच्या जतनाच्या कामात असल्यामुळे एक निराळा मुद्दा मांडू इच्छिते. 'कायम संग्रह' या शब्दामुळे अनेकांचा असा समज होतो की, तो संग्रह कायम मांडलेला असावा. वास्तविक संग्रह कायम राहावा म्हणूनच त्यातले पुष्कळसे काही कायम मांडून चालत नाही.

कारण प्रकाश. कागदावरचे जलरंग, लघुचित्रे, छायाचित्रे आणि कापड यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे प्रकाश मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. तैलरंगांना २०० लक्सपर्यंत चालतो. ५० लक्स म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून सांगते: बाहेरच्या उन्हातून थेट अशा दालनात आलात तर पहिली दोन-तीन मिनिटे आपल्याला वीज गेली आहे असेच वाटेल. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि ती परत भरून काढता येत नाही. कमी प्रकाशात जास्त दिवस ठेवले काय किंवा जास्त प्रकाशात कमी दिवस ठेवले काय, रंगाच्या दृष्टीने हिशेब एकच. म्हणून कागदावरची चित्रे साधारण तीन-चार महिने मांडून मग बराच काळ अंधारात विसावू द्यावीत, असा प्रघात आहे. जुन्या पिढीतल्या अनेक संग्रहालयांची दालने विजेच्या दिव्यांवर अवलंबून राहावे लागू नये म्हणून दिवसाच्या उजेडासाठी बांधलेली होती. त्या उजेडात तैलचित्र फार सुंदर दिसते यात शंका नाही, पण त्याच उजेडात लघुचित्राचे आयुष्य झिजत असते.

हस्तिदंताचा प्रश्न आणखी वेगळा आहे. हस्तिदंत हवेतला ओलावा शोषतो आणि सोडतो. पावसाळ्यात किंचित फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि हे फुगणे-आकसणे सर्व दिशांना सारखे होत नसल्यामुळे त्याला चिरा पडतात. काचेच्या बंद पेटीत वस्तू उठून दिसावी म्हणून आतच दिवा लावण्याची एक वाईट सवय आपल्याकडे होती. दिवा सकाळी लागतो, रात्री विझतो. म्हणजे पेटीत रोज एक छोटा उन्हाळा आणि रोज एक छोटा हिवाळा. औंधच्या परिसरातल्या, म्हणजे खटाव-माणच्या कोरड्या हवेत तर हे अधिकच जपावे लागते.

एक गोष्ट मात्र जवळून पाहण्यासारखी आहे. हस्तिदंताची वस्तू आडवी कापलेली असेल तिथे, म्हणजे बैठकीच्या तळाशी किंवा मागच्या कडेला, नीट पाहिल्यास एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. हाडात ती नसते; हाडात सुईच्या टोकाएवढे काळसर ठिपके आणि तुटक रेघा दिसतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि पुढच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार पूर्ण बंद झाला, हे योग्यच झाले. पण त्याचा अर्थ असाही आहे की, ही कारागिरी आता पुन्हा होणार नाही. 'निवडक' ठरवताना या मुद्द्यालाही वजन असावे असे मला वाटते.

डोंगरवाट

@कागदकाम, हा मुद्दा माझ्या लेखात यायला हवा होता. आपल्या म्हणण्याचा अर्थ असा होतो की, कागदावरच्या कामाला निवडकांच्या यादीत कायमची जागा देताच येणार नाही. मग यादीत एक जागा वस्तूसाठी न ठेवता प्रकारासाठी ठेवावी का? म्हणजे जागा ठरलेली आणि चित्र पालटते. जो दर वर्षी यात्रेला येतो त्याला दर वर्षी तिथे नवे चित्र दिसेल.

@तैलरंग, पाथरवटांचा मुद्दा मान्य आहे. 'ये माई' माझ्या डोक्यात आलेच नव्हते.

विश्वामित्रीकाठ

मी बडोद्याचा. आमच्याकडे हा वाद दुसऱ्या टोकाने पाहता येतो. सयाजीरावांनी १८९४ साली संग्रहालय उभे केले आणि पुढे त्याला जोडून चित्रदालन बांधले. युरोपीय चित्रे निवडण्याचे काम त्यांनी मॅरियन स्पिलमन या इंग्रज कलासमीक्षकाकडे सोपवले. इमारत १९१४ मध्ये तयार झाली, महायुद्धामुळे चित्रे इंग्लंडमध्येच अडकली आणि दालन उघडायला १९२१ साल उजाडले. म्हणजे इथे पैसा होता, तज्ज्ञ होता आणि आखीव योजना होती. औंधात राजाच चित्रकार आणि राजाच निवड करणारा.

पण आज मला कोणी बडोदा संग्रहालयातले एकच काहीतरी दाखव म्हणाले, तर मी त्यांना युरोपीय दालनात नेणार नाही. मी अकोट्याच्या जैन ब्राँझमूर्तींपुढे नेईन. शहराला लागून असलेल्या अकोट्यात १९५१ साली हा ठेवा उजेडात आला. ६८ मूर्ती, इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकापासून अकराव्या-बाराव्या शतकापर्यंतच्या. त्यात जीवंतस्वामींची मूर्ती आहे, म्हणजे दीक्षा घेण्यापूर्वीचे महावीर, अंगावर राजपुत्राचे अलंकार घातलेले. धातू झिजलेला आहे, पण चेहऱ्यावरचा शांतपणा झिजलेला नाही. ही मूर्ती कोणा सल्लागाराने विकत आणलेली नाही, ती इथल्याच जमिनीतून वर आली. डोंगरवाट यांच्या निकषाला याहून चांगला पुरावा मी देऊ शकत नाही.

मात्र प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की, शाळेच्या सहलीबरोबर आलेल्या मुलांना विचारले तर सगळी एकमुखाने देवमाशाच्या सांगाड्याचे नाव घेतात. निवडकांची यादी आपण काहीही करा, देवमासा तिच्यात आपला आपण येऊन बसतो.

मूळप्रत

सर्वांची मते वाचली. एका गोष्टीवर मात्र कोणीच बोललेले नाही. औंधसारख्या संग्रहात युरोपीय चित्रांच्या आणि शिल्पांच्या प्रतिकृती आहेत, त्यांचे काय करायचे? माझे मत स्पष्ट आहे. प्रतिकृती निवडकांत येता कामा नयेत. शंभर वर्षांपूर्वी मूळ चित्र पाहायचे तर जहाजाने जावे लागे, तेव्हा प्रतिकृतीला अर्थ होता. आज मूळ चित्राचे इतके बारकाईने घेतलेले छायाचित्र घरबसल्या पाहता येते की त्यातली प्रत्येक भेग मोजता येईल. मग भिंतीवरची मर्यादित जागा दुय्यम हाताच्या कामाला का द्यावी? प्रतिकृती अभ्यासकांसाठी कोठारात असाव्यात, मागेल त्याला दाखवाव्यात.

तैलरंग

@मूळप्रत, आपल्या म्हणण्याला अजिंठ्याचा इतिहास आडवा येतो. रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्यात वर्षानुवर्षे राहून भित्तिचित्रांच्या मोठ्या तैलप्रतिकृती केल्या; त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या असताना १८६६च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा प्रती करून घेतल्या, आणि त्यांतल्याही कित्येक १८८५ साली लंडनमधल्याच साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. ज्या उरल्या त्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. दरम्यान लेण्यांतली मूळ चित्रे झिजत राहिली, चित्र उठून दिसावे म्हणून प्रत करणाऱ्यांनी लावलेले वॉर्निशही पुढे पिवळे पडून त्यांना बाधले. परिणाम असा की, काही भिंतींवर आज जे दिसत नाही ते त्या उरलेल्या प्रतींत दिसते. अशा वेळी दुय्यम कोणाला म्हणायचे?

बाळासाहेबांनाही अजिंठ्याचा ध्यास होता. १९३२ साली त्यांनी अजिंठ्यावर इंग्रजीत परिचयपुस्तक लिहिले, आणि त्याआधी वेरुळावर. प्रत करणे ही त्या पिढीची चित्र वाचण्याची पद्धत होती.

दुसरे असे की, युरोपीय चित्राची आपल्या माणसाने केलेली प्रत जरा वेळ देऊन पाहावी. वस्त्राच्या चुण्या तो जशाच्या तशा उतरवतो, कारण त्या मोजून उतरवता येतात. चेहऱ्याशी आला की हात अडखळतो. मी एका संग्रहात मॅडोनाची अशी प्रत पाहिली होती, तिचे डोळे मूळ चित्रापेक्षा स्पष्ट मोठे झाले होते आणि भुवया कमानदार. चित्रकाराने जाणूनबुजून काही केले नसावे, त्याच्या हाताला जी बाई माहीत होती तीच उतरली. ती प्रत मला त्या दालनातले सर्वांत बोलके चित्र वाटले.

मूळप्रत

अजिंठ्याचा मुद्दा मान्य. पण तिथे मूळच नष्ट होत चालले होते. युरोपीय चित्रे तिकडे सुखरूप आहेत. मोठे डोळे मात्र विचारात पाडणारे आहेत. प्रतिकृती मांडायचीच असेल तर शेजारी मूळ चित्राचे छायाचित्र लावावे आणि पाहणाऱ्याला फरक शोधू द्यावा, एवढ्यावर मी तडजोड करायला तयार आहे.

नोंदवही

निवड झाली, मांडणीही झाली, पाटीचे काय? मी इतकी वर्षे संग्रहालये पाहत आलो, तर माझा सर्वांत मोठा शत्रू पाटीच आहे. एका संग्रहालयात (नाव घेत नाही) एका उत्कृष्ट व्यक्तिचित्राखाली 'स्त्री. तैलरंग.' एवढीच पाटी होती. ती स्त्री आहे आणि ते तैलरंग आहेत हे मला दिसतच होते. शिवाय चित्रावरच्या काचेत समोरची ट्यूबलाइट अशी पडली होती की, मला डावीकडे झुकून चेहरा आणि उजवीकडे झुकून हात पाहावा लागला. दोन्ही एकदम काही दिसेनात. तिथल्या कर्मचाऱ्याला विचारले तर तो आनंदाने म्हणाला, "साहेब, वहीत असेल." दाखल नोंदवही आणली गेली. आणि काय सांगू, वहीत सगळे होते: चित्र कोणाकडून आले, कोणत्या साली आले, काय किंमत दिली, आणि शेरा म्हणून लाल शाईत 'चौकट बदलली'. पाटीवर यायला हवे होते ते सर्व त्या कपाटात कुलूपबंद होते.

पुरातत्त्व आणि संग्रहालयांच्या जगात आता नोंदी संगणकावर आणण्याचे काम चालू आहे. पुण्याच्या सी-डॅक या संगणक संस्थेने त्यासाठी 'जतन' नावाची प्रणाली तयार केली आहे आणि देशातल्या मोठ्या संग्रहालयांच्या नोंदी तिच्यामार्फत सर्वांना पाहता येतात. चांगलेच आहे. परंतु पडद्यावर माप, माध्यम आणि काळ भरला जातो. 'हे इथे कसे आले' हा रकाना बहुधा रिकामा राहतो, कारण तो भरायला कोणाला तरी जुनी वही उघडून बसावे लागते.

माझी सूचना साधी आहे. निवडक कलाकृतींच्या पाटीवर तीनच गोष्टी असाव्यात. कोणी केले, इथे कसे आले, आणि आधी कुठे पाहावे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. धुरंधरांच्या चित्राखाली 'म. वि. धुरंधर (१८६७–१९४४), तैलरंग' याच्या जोडीला 'मागच्या रांगेतल्या माणसांचे हात पाहा' एवढे एक वाक्य असले तरी माणूस तिथे पाच मिनिटे थांबतो.

अजब बंगला

पाटी मराठीत असावी आणि ती वाचण्यासाठी गुडघे टेकावे लागू नयेत, एवढे मी त्यात घालतो.

पंचगंगा

कोल्हापूरचे एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण तिथे निवडीचा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. राजारामपुरीतील चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय हे एकाच माणसाच्या चित्रांचे संग्रहालय आहे. चित्रपटातले नट म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण त्यांनी आयुष्यभर निसर्गचित्रे काढली आणि राहता बंगला चित्रांसह शासनाला दिला. त्यांची पावडर शेडिंगची चित्रे, म्हणजे कोरड्या रंगाच्या भुकटीतून साकारलेली निसर्गदृश्ये, पाहताना कुठेही कुंचल्याचा फटकारा सापडत नाही; धुके जसे कडेला विरत जाते तसा रंग विरत जातो. तिथे गेल्यावर हे 'इथेच का' असा प्रश्न पडत नाही, कारण घरच त्यांचे आहे.

त्याउलट टाउन हॉलचे संग्रहालय. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती तिथे आहे. समुद्राचा ग्रीक देव पंचगंगेच्या काठी सापडतो, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी हा मुलूख कोणाकोणाशी व्यापार करीत होता हे तळहाताएवढी वस्तू सांगून जाते. ती परदेशी आहे आणि तरीही पूर्णपणे कोल्हापूरची आहे. डोंगरवाट, आपल्या निकषात 'इथे घडलेले' आणि 'इथे आलेले' अशी विभागणी करू नये, असे मी सुचवेन.

कागदकाम

सर्वांना एक विचारते. आपण सगळे निवड करणारे झालो आहोत, पण आपल्यापैकी कोणाला रोज सकाळी ते दालन उघडून पुसायचे नाही. लहान ठिकाणी अभिरक्षक, लेखनिक आणि पहारेकरी ही तिन्ही कामे कधी कधी दोनच माणसांवर असतात. कागदावरची चित्रे दर चार महिन्यांनी पालटायची म्हणजे चौकट उघडणारा, चित्र हाताळायचे कसे हे शिकलेला माणूस हवा. तो नसेल तर पालटण्यातच चित्र फाटेल. डोंगरवाट यांची पालटत्या जागेची कल्पना मला आवडली, पण वर्षातून एकदाच, आणि तीही यात्रेच्या गर्दीत नव्हे, असे मी म्हणेन.

डोंगरवाट

चर्चा वाचून मी माझी यादी पुन्हा केली. आठच जागा धरल्या आहेत.

दारातून आत येताच पंतप्रतिनिधींचे स्वतःचे एक चित्र असावे. उत्तम आहे म्हणून नव्हे, संग्रह कोणाच्या नजरेतून झाला हे आधी कळावे म्हणून. त्यानंतर धुरंधर, आणि पाटीवर नोंदवही यांचे वाक्य. मग रविवर्मा, त्यांना वगळण्याचा माझा पहिला विचार मी मागे घेतो, कारण १९७९ पासून त्यांची चित्रे राष्ट्रीय कलाठेवा गणली जातात, ती देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि खेड्यातल्या माणसाने कॅलेंडरवर आयुष्यभर पाहिलेला हात त्याला एकदा मुळातून पाहायला मिळावा हे औंधने केलेले लहान काम नाही. त्यांच्या शेजारी बाबूराव पेंटर, नंतर माधव सातवळेकर आणि त्यांच्या पाटीवर वडिलांचा उल्लेख. हस्तिदंत किंवा चंदनातले एक काम, चारही बाजूंनी फिरून पाहता येईल असे, पेटीत दिवा न लावता. एक युरोपीय प्रतिकृती, मूळप्रत यांच्या अटीप्रमाणे शेजारी मूळ चित्राच्या छायाचित्रासह. आणि शेवटी, बाहेर पडण्याच्या दाराजवळ, मूर.

पंचगंगा यांच्या सूचनेनंतर मूर यांना यादीबाहेर ठेवण्याचे कारण माझ्यापाशी उरले नाही. तिथून बाहेर आले की डोंगराची उरलेली चढण समोर दिसते, आणि ओटीची पिशवी हातात असतेच.

कागदावरच्या चित्रासाठी नववी जागा मी मोकळी ठेवली आहे. चौकट उघडणारा माणूस मिळेपर्यंत ती मोकळीच राहील.

अजब बंगला

आठ म्हणून नऊ झाल्या. तरी दहाच्या आत आहेत, चालेल.